मक्याच्या डब्यातला फोन

किसिया, तू विचारलंस ना परवा,
"आई, रविवारी तुझा फोन कुठे असतो?"
मक्याच्या डब्यात असतो, बाळा.
शनिवारी कोंबड्या कोंडून झाल्या की
दाण्यांत खोल खुपसते, झाकण लावते,
वर दगड. उंदरांसाठी ठेवायचे तोच.
सोमवारी पहाटे काढते, पदराने पुसते,
आणि तू पाठवलेला गुलाब बघते,
शनिवारचा.

मला त्याचा राग आहे असं समजू नकोस.
तोच माझा बटवा, तुला ठाऊक आहे.
चहाच्या पानांचे पैसे त्यातच येतात,
तू दोह्याहून धाडतोस ते,
रक्तदाबाच्या गोळ्या, वीज,
आता दशांशसुद्धा.
चर्चच्या भिंतीवर नंबर रंगवलाय, निळ्या रंगात,
जिथे आधी वचन होतं.
झोळी अजून फिरते, सवयीने. मागच्या महिन्यात
तिच्यात शर्टाचं एक बटण निघालं.

झालं काय, ते सांगते.
झावळ्यांच्या रविवारी लुगादिरू आजोबा म्हणाले,
दहा मिनिटं गाऊ नका, बोलू नका,
प्रभूला काही म्हणायचं असेल तर त्याला तोडू नका.
मी शुभवर्तमान उघडलं. अक्षरं बारीक.
आणि मी, एकसष्ट वर्षांची बाई,
कागदावर दोन बोटं टेकवून फाकवली.
अक्षरं मोठी होईनात.
पुन्हा फाकवली.
मागच्या बाकावर कुणाची तरी नात खुदकन हसली,
मलाही हसू आलं,
ते अर्ध्या वाटेत घशाशी अडकलं.

तीस वर्षं ही बोटं मळ्यात एकच गोष्ट शिकली:
दोन पानं, एक कळी.
तिसरं पान खुडलं की काट्यावरचा माणूस
टोपली परत करायचा.
याच बोटांना आता काहीही चालतं.
कुणाचं लग्न, कुणाचा अपघात, कुणाची नवी मोटार,
सगळं टोपलीत.
आपल्या कुळाच्या गटात शहाण्णव जण आहेत.
कुणी गेलं की शहाण्णव जोडलेले हात येतात,
खड्डा खणायला चौघे.
त्या शहाण्णवांत मी होते, किसिया. चौघांत नव्हते.

पहिला रविवार फार वाईट गेला.
डबा गुरगुरायचा, मी झाडलेलंच अंगण झाडायची.
वाटायचं, जग माझ्यावाचून अडलंय.
सोमवारी पाहिलं. नव्हतं अडलं.

आणि परवा तू अकरा वेळा केलास.
खोटं नाही बोलणार:
चौथ्या वेळी मी दगड उचलला.
हातात धरून उभी राहिले.
खाली ठेववेना, झाकण उघडवेना.
प्रार्थना म्हणावी तर एक शब्द आठवेना,
नुसता दगडाचा भार.

तेवढ्यात ओढ्यापलीकडून वुगुत्सा आली,
धापा टाकत, एका पायातली चप्पल चिखलात सोडून,
हातात तिचा फोन, फोनमध्ये तू:
"विचारा तिला, जिवंत आहे का?"
मी म्हटलं, आहे.
तुला तेवढंच हवं होतं. मला वाटतं, देवालाही.

पण ऐक पुढचं.
गाईच्या भांडणानंतर वुगुत्सा चार वर्षांत
माझ्या उंबऱ्याला शिवली नव्हती.
नाताळला चांदणी पाठवायची, मी चांदणी पाठवायची,
संपलं.
परवा ती बसली. शेंगा सोलू लागली, न सांगता.
नवऱ्याचा उजवा डोळा गेलाय म्हणाली.
मला माहीत नव्हतं. तिने तो कुठेच टाकला नव्हता.
गाईचं नाव दोघींपैकी कुणी काढलं नाही.
ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा
तिने माझी चप्पल घातली आणि गेली.

तेव्हा रविवारी खरंच काही असेल
तर वुगुत्साला कर. ती येईल, आणि चहा घेऊन जाईल.
असं नाही की मी सुधारले.
आज बुधवार, आणि सकाळपासून तीनदा बघितलं,
तू काही पाठवलंस का.

गुलाब नको.
तुझ्या त्या फाटकाशी, जिथे रात्रभर उभा असतोस,
काही उगवतं का, ते लिही.